मशीन चालू होताना

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात, मार्च २००४ मध्ये मी एक मशीन फॉरमॅट मारून दिलं. विंडोज एक्सपी, ऑफिस, प्रिंटरचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, सगळं घातलं, चहा घेतला आणि बसने घाटकोपर गाठून मुलुंडची गाडी पकडली. आमच्या धंद्यात दुसऱ्या दिवशी फोन आला नाही की काम नीट झालं असं धरतात. फोन दोन महिन्यांनी आला. वसुली थांबली होती.

झालं होतं ते असं. एक्सपी घालताना देश आणि भाषेचा पडदा येतो, त्यावर अमेरिका आधीच निवडलेली असते, आणि आपण सगळे तिथे न वाचता ‘नेक्स्ट’ दाबतो. मीही दाबलं. अकाउंट्स सांभाळणाऱ्या मॅडम एक्सेलमध्ये बिलाची तारीख ५/३ अशी टाकत होत्या. मशीनने ती ३ मे धरली. महिन्याच्या १ ते १२ तारखा अशा उलटल्या, फक्त ३ मार्च तेवढी सुटली. १३ पासूनच्या तारखा तर तारखाच राहिल्या नाहीत, नुसता मजकूर होऊन रकान्याच्या डाव्या कडेला चिकटून बसल्या. साठ दिवसांची उधारी. ५ मार्चच्या बिलाच्या वसुलीचा फोन मशीनच्या हिशेबाने जुलैत व्हायचा होता. पार्टीने अर्थातच तक्रार केली नव्हती.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. पण त्या गाळ्यात अकरा मशीन होती, दर सहा महिन्यांनी त्यातलं एखादं फॉरमॅट व्हायचं, नवा माणूस आला की त्याचं नवं लॉग-इन तयार व्हायचं आणि अमेरिका परत यायची. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की ही तपासणी माणसाने करायची नाही. मशीनने रोज स्वतःची स्वतः करायची, कुणी त्यावर कामाला बसायच्या आधी.

ही पुस्तिका नेमकी त्या तपासणीबद्दल आहे. लेखक माझे जुने सहकारी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथली छोटी ऑफिसं, दवाखाने, सीएंच्या फर्म आणि क्लासेस यांच्या एएमसी आम्ही काही वर्षं एकत्र सांभाळल्या. उपनगरात ‘आयटी डिपार्टमेंट’ म्हणजे बहुतेकदा एक माणूस, त्याची मोटरसायकल आणि खिशातला पेन ड्राइव्ह. सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये हजारो मशीन एका जागेवरून चालवणारी मंडळी आहेत. त्यांच्यासाठी जाडजूड पुस्तकं आहेत. मोटरसायकलवाल्यासाठी मराठीत असं काही माझ्या पाहण्यात नव्हतं, म्हणून ही प्रस्तावना मी आनंदाने लिहितो आहे. थोडी भांडणार आहे, तेही पुढे येईल.

ही तपासणी करायची ती रजिस्ट्रीत. हा शब्द ऐकला की आपल्याकडे लोकांना स्टँप ड्युटी आठवते. कॉम्प्युटरमधली रजिस्ट्रीही नोंदींचीच, पण ती रोज हजारो वेळा वाचली जाते. ती येण्यापूर्वी विंडोजच्या सगळ्या आवडीनिवडी साध्या मजकुराच्या फायलींत असायच्या, त्यांतली सर्वांत ओळखीची ‘विन डॉट आयएनआय’. प्रत्येक प्रोग्राम त्यात आपली दोन ओळींची भर घालायचा आणि ती फुगत जायची. विंडोज ३.१ मध्ये १९९२ साली रजिस्ट्री छोट्या रूपात आली, १९९३ च्या एनटीमध्ये पूर्ण रूपात, आणि १९९५ साली विंडोज ९५ बरोबर ती घराघरांत पोचली. गंमत म्हणजे माझ्या चुकीच्या तारखेची नोंद रजिस्ट्रीत ज्या नावाने बसते, ते ‘एस-शॉर्ट-डेट’ हे नाव जुन्या आयएनआय फायलीतलंच आहे. त्यातला ‘एस’ म्हणजे स्ट्रिंग. तीस वर्षांत पडदा किती वेळा बदलला, आतली अक्षरं तीच राहिली.

रजिस्ट्रीच्या फायलींना ‘हाइव्ह’ म्हणतात, म्हणजे मधमाश्यांचं पोळं. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी याचं कारण लिहून ठेवलं आहे. एनटी बनवणाऱ्यांतल्या एकाला मधमाश्यांचा तिटकारा होता, म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्याने त्याला चिडवायला मुद्दाम पोळी आणि कप्पे आत घुसवले. पोळ्याला हात घालायची भीती आपल्याकडे वेगळी शिकवावी लागत नाही, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा शब्द मी आवर्जून सांगतो.

आता यातला सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. रजिस्ट्रीत दोन मोठी दालनं आपल्या कामाची. एक ‘लोकल मशीन’, म्हणजे त्या यंत्राचं सगळ्यांसाठी एकच. दुसरं ‘करंट यूजर’, म्हणजे जो आत्ता लॉग-इन झाला आहे त्याचं स्वतःचं. बोरिवलीच्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला हे लगेच कळेल. गच्चीवरची टाकी, पंप आणि मीटरची खोली सोसायटीची, पण घरातला नळ ज्याचा त्याचा. मशीन चालू होताना आपोआप चालणारी स्टार्टअप स्क्रिप्ट हा पहाटे पंप चालू करणारा वॉचमन आहे. तो सगळ्यांच्या आधी उठतो, त्याच्याकडे गच्चीची, मीटरची, लिफ्टच्या खोलीची अशा सगळ्या किल्ल्या आहेत. विंडोजमध्ये स्टार्टअप स्क्रिप्ट ‘लोकल सिस्टीम’ या खात्याखाली चालते आणि त्या मशीनवर तिचे अधिकार साध्या ॲडमिनपेक्षाही वरचे. पण तुमच्या घरात ती येत नाही, कारण त्या वेळी तुम्ही घरात नसताच. जुन्या विंडोजमध्ये तर लॉग-इनचा पडदासुद्धा अजून आलेला नसायचा.

हे मला कळायला एक फुकट गेलेला रविवार लागला. अकरा मशीनच्या त्या गाळ्यात एक छोटा विंडोज २००० सर्व्हर होता. मी बॅच फाइल लिहिली, तारीख भारतीय करणारी, आणि ती स्टार्टअपला लावली. सोमवारी सगळीकडे अमेरिकाच. फाइल चालली होती, एरर नव्हती, मीच टाकलेली तपासणीची ओळसुद्धा ‘बरोबर आहे’ असं सांगत होती. बरोबर होतंच. स्क्रिप्टने ‘करंट यूजर’ची तारीख बदलली होती, आणि त्या क्षणी करंट यूजर होतं खुद्द सिस्टीम खातं. मॅडमच्या नळाला पाणी यावं म्हणून वॉचमनने स्वतःच्या केबिनचा नळ दुरुस्त केला होता. तीच फाइल स्टार्टअपमधून काढून लॉग-ऑनला लावली आणि काम झालं. रजिस्ट्रीत ‘डॉट डीफॉल्ट’ नावाची एक शाखा दिसते. पुष्कळांना वाटतं, नव्या माणसाचं लॉग-इन या साच्यावरून तयार होतं. तसं नाही, ती त्याच सिस्टीम खात्याची शाखा आहे. साचा वेगळ्या फाइलमध्ये असतो. पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात हे चित्र काढून दाखवलं आहे. ते चित्र भिंतीवर लावण्यासारखं आहे.

स्क्रिप्ट लावायची कुठे, हा प्रश्न उपनगरात वेगळा पडतो. विंडोज २००० पासून ग्रुप पॉलिसी आहे. सर्व्हरवर एकदा लावलं की डोमेनमधलं, म्हणजे त्या सर्व्हरच्या ताब्यातलं, प्रत्येक मशीन चालू होताना ती स्क्रिप्ट चालवतं आणि बंद होताना, लॉग-ऑन, लॉग-ऑफ करतानाही वेगळ्या स्क्रिप्ट लावता येतात. पण किती ऑफिसांत डोमेन असतं? घाटकोपरच्या डॉक्टरांकडे तीन मशीन, त्यातली दोन लॅपटॉपच्या सेलमध्ये घेतलेली, ‘होम’ आवृत्तीची. तिथे ग्रुप पॉलिसीचा संपादकच नसतो. मग उरतो टास्क शेड्युलर. ‘मशीन सुरू झाल्यावर’ हा प्रसंग निवडायचा, खातं सिस्टीमचं द्यायचं, झालं. लेखकाने यालाच पुस्तिकेत मोठी जागा दिली, हे मला फार आवडलं. जे ग्राहकाकडे नाही त्यावर शंभर पानं लिहिण्याचा मोह त्यांनी टाळला.

पुस्तिकेचा गाभा मात्र बदलण्यात नाही, बघण्यात आहे. ‘रेग ॲड’ ही आज्ञा कुणीही शिकतो. तिच्या आधी ‘रेग क्वेरी’ लिहिण्याची सवय फार थोड्यांना असते. क्वेरीला नोंद सापडली की ती शून्य परत देते, नाही सापडली की एक, आणि त्या एका आकड्यावर पुढचं सगळं ठरवता येतं. आहे का? असेल तर किती आहे? हवं तेवढंच असेल तर हात लावू नको. माझ्या पाहण्यातली बहुतेक बिघडलेली मशीन ही न बघता बदलणाऱ्या स्क्रिप्टने बिघडलेली आहेत, आणि त्यांतल्या काही स्क्रिप्ट माझ्याच होत्या.

रुपयाचं चिन्ह घ्या. ते आपल्या शेजारचंच, डी. उदय कुमार हे त्याचे रचनाकार पवईच्या आयआयटीत शिकलेले. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला जागा मिळाली आणि २०११ मध्ये विंडोज सातसाठी अपडेट आलं. ग्राहकांचे फोन सुरू झाले, बिलावर नवं चिन्ह पाहिजे. चलनाच्या खुणेची नोंद ‘एस-करन्सी’, तारखेच्या शेजारच्याच कप्प्यात. मी उत्साहाने एक बॅच फाइल लिहिली, तीत ते चिन्ह चिकटवलं आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या सगळ्या मशीनवर लॉग-ऑनला लावली. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रत्येक बिलावर रकमेच्या आधी प्रश्नचिन्ह. बॅच फाइल जुन्या अक्षरसंचात वाचली जाते, त्यात हे चिन्हच नाही, म्हणून त्याचं प्रश्नचिन्ह झालं. मालकांनी फोनवर विचारलं, ‘‘साहेब, पैसे मिळणार की नाही, याची मशीनलाच शंका आहे का?’’ पुढे तेच काम पॉवरशेलमध्ये केलं, चिन्हाचा युनिकोड क्रमांक देऊन. त्याआधी एक ओळ टाकली, ते अपडेट मशीनवर आहे का, ते पाहणारी. नसेल तर ‘रु.’ राहू दे. रिकाम्या चौकोनापेक्षा ‘रु.’ केव्हाही बरं. त्याच कप्प्यात ‘एस-ग्रुपिंग’ ही नोंद आहे. तिच्यात ३;२;० असं लिहिलं की आकडे लाख-कोटीच्या स्वल्पविरामांनी दिसतात, नुसतं ३;० असलं की दशलक्षांनी. सव्वा लाखाचा स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला की आपल्या माणसाची नजर अडखळते, म्हणून एवढ्याशा नोंदीला पुस्तिकेत अख्खं पान आहे आणि ते योग्य आहे.

बघणं म्हणजे नोंद बघणं एवढंच नाही, हे पेन ड्राइव्हच्या काळाने शिकवलं. २००७-०८ च्या सुमाराला स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला की तो व्हायरस घेऊनच परत यायचा. ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप चालायचा, टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर बंद करून टाकायचा. हे बंद करणंही त्याने रजिस्ट्रीतच केलेलं असायचं. चोराला आपल्या घराची रचना आपल्यापेक्षा चांगली माहीत होती. आम्ही स्क्रिप्टने आपोआप चालण्याच्या नोंदीत २५५ टाकायचो, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हवर आपोआप काही चालू नये. नोंद बरोबर बसायची, तरी काही मशीनवर व्हायरस यायचाच. नोव्हेंबर २००८ मध्ये कॉन्फिकर नावाचा वर्म आला, आणि २००९ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने अपडेट दिलं तेव्हा कारण कळलं. जुनं विंडोज ती नोंद नीट पाळतच नव्हतं.

उलटी गोष्ट २०१७ ची. १२ मे, शुक्रवार, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता म्हणून पुष्कळ ऑफिसं बंद होती आणि सोमवारच्या सकाळची धास्ती घेऊन आम्ही दोन दिवस काढले. खरा उपाय मार्चमध्येच आलेलं अपडेट, पण ते किती जणांनी घातलं होतं हे विचारू नका. त्याशिवाय फायली वाटून घेण्याची जुनी पद्धत, ‘एसएमबी वन’, बंद करायची होती. विंडोज सातवर ती चालू आहे का हे पाहायला स्क्रिप्ट चालवली तर नोंदच सापडेना. नवखा माणूस म्हणेल, नोंद नाही म्हणजे भानगड नाही. तिथे नोंद नसणं म्हणजेच चालू असणं. शून्य स्वतः लिहावं लागतं. आम्ही लिहिलं, मशीन री-स्टार्ट मारली, आणि तासाभरात मुलुंडच्या एका वकिलांचा फोन, झेरॉक्स मशीनवरून स्कॅन फोल्डरमध्ये येत नाहीत. त्या जुन्या कॉपियरला दुसरी पद्धतच येत नव्हती. महिनाभर त्यांनी पेन ड्राइव्हवर स्कॅन घेतले.

एवढं करूनही एक खड्डा राहतो, स्क्रिप्ट चाललीच नाही तर? ‘‘बंद करून चालू करा’’ हा आमच्या धंद्याचा मूळ मंत्र. २०१२ च्या विंडोज आठपासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं आणि मंत्राची ताकद गेली. ‘शट डाउन’ केलं की विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. म्हणजे मशीन खऱ्या अर्थाने सुरूच होत नाही आणि स्टार्टअप स्क्रिप्ट राहून जाऊ शकते. ‘री-स्टार्ट’ केलं तरच पूर्ण सुरुवात होते. ही सोय चालू की बंद, तेही रजिस्ट्रीतच, ‘हायबरबूट एनेबल्ड’ या नोंदीत. आता ती बंद करायला स्टार्टअप स्क्रिप्ट लिहा आणि ती चालायची वाट पाहत बसा!

हे मला स्पष्ट दिसलं ते १२ ऑक्टोबर २०२० ला. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई आणि उपनगरांची वीज गेली. घाटकोपरच्या एका ऑफिसात टाळेबंदीमुळे निम्मी मशीन रात्रंदिवस चालू ठेवलेली होती, लोक घरून त्यावर काम करत होते. उरलेली रोज ‘शट डाउन’ व्हायची. वीज आल्यावर सगळी एकदम उठली. दुपारी लॉग फाइल पाहिली तर प्रत्येक मशीनच्या नावापुढे १२ ऑक्टोबरची ओळ, आणि तिच्या वरची ओळ कुणाची मेची, कुणाची जूनची. रोज सकाळी तपासणी होते आहे असं समजून मी चार-पाच महिने निर्धास्त होतो. त्या ग्राहकाला पाठवलेल्या तिमाही अहवालातही तसंच लिहिलं होतं.

ती लॉग फाइल नसती तर मला कधीच कळलं नसतं. म्हणून लेखकाशी माझं पहिलं भांडण, लॉगचं प्रकरण त्यांनी सातवं ठेवलं आहे. ते दुसरं हवं होतं. एक ओळ पुरते, त्यात तारीख, मशीनचं नाव, आधी काय होतं, आता काय केलं. ‘आधी काय होतं’ हे गाळलं तर परत फिरायचा रस्ता राहत नाही. दुसरं भांडण, ‘डॉट रेग’ फाइल डबल-क्लिक करून नोंदी घुसवायची युक्ती त्यांनी फारच आधी सांगितली आहे. ती फाइल काही विचारत नाही, काही बघत नाही, सरळ लिहून मोकळी होते. विद्यार्थ्याच्या हाताला ती सवय लागली की सुटत नाही. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहू नये हे त्यांनी ठळक टाइपात छापलं आहे, ते मात्र अगदी बरोबर. डोमेनवर ती फाइल ज्या जागी ठेवतात, तिथून ऑफिसातला कुणीही लॉग-इन असलेला माणूस ती उघडून वाचू शकतो.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार वाचकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्या विमानतळावरही रांगा लागल्या. ती स्क्रिप्ट नव्हती, रजिस्ट्रीचाही संबंध नव्हता. पण विंडोज उभं राहत असतानाच, सर्वांत आत चालणारी गोष्ट चुकली होती. मशीन उभंच राहिना, तिथे दुरून काय करणार? कित्येक ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपुढे जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून एक फाइल काढावी लागली. एवढ्या मोठ्या कंपन्यांना त्या दिवशी मोटरसायकलवाला लागला. आपली स्क्रिप्ट तेवढी आत जात नाही, तरी तीही मशीन चालू होतानाच चालते आणि ग्रुप पॉलिसी तिच्यासाठी मुळात दहा मिनिटांपर्यंत थांबते. सर्व्हर सापडेना म्हणून अडकलेल्या स्क्रिप्टपायी सकाळी साडेनऊला वीस माणसं पडद्याकडे बघत बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून नवी स्क्रिप्ट आधी एका मशीनवर, शक्यतो स्वतःच्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही.

वाचकाला एकच विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या मशीनवर ‘करंट यूजर’मधल्या ‘कंट्रोल पॅनेल’खालची ‘इंटरनॅशनल’ ही शाखा ‘रेग एक्स्पोर्ट’ने एका फाइलमध्ये काढा, फाइलच्या नावात आजची तारीख घाला, आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवा. तारीख घालताना महिना अक्षरी लिहा.